अंबूबाईंचा आकडा

मी एक जुना संगणक आहे. शहापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात, औषधांच्या कपाटाशेजारी माझा मुक्काम. अंग पिवळट पडलं आहे, पण ऐट अजून तीच! मित्रांनो, तिचं कारण ऐकलंत तर तुम्हीही मान डोलवाल.

१९९८ साली मी इथे आलो. नोंदी ठेवणाऱ्या वंदनाताई रुग्णाचं नाव आणि गाव मराठीत टाइप करत. संगणकाला प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडाच. माझ्या पोटातला सी भाषेतला प्रोग्राम ते आकडे ठरलेल्या रीतीने गुणून, मिळवून शेवटी एकच आकडा काढी. त्याला हॅश म्हणतात. त्या आकड्याच्या कप्प्यात रुग्णाची सगळी माहिती असे. कार्ड हरवलं तरी बिघडत नसे. नाव सांगितलं की कप्पा उघडला! कसाऱ्यापर्यंतचे लोक माझं कौतुक करत, आणि मला ते फार आवडे.

२००५ मध्ये मुरबाडला दुसरा दवाखाना निघाला. तिथल्या नव्या संगणकासाठी दिपेश नावाच्या तरुणाने पीएचपी भाषेत प्रोग्राम लिहिला. रीत माझीच, कप्पेही माझेच उतरवून घेतले. मग त्याने आम्हा दोघांना वीस नावं विचारली. आकडे तंतोतंत जुळले. पण गड्याने घाईत सारी नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केली होती!

"ताई, इथेही असाच नवा बसवतो, याला आता भंगारात द्या," तो म्हणाला. मला फार लागलं. ताईंनी मात्र मला फडकं घालून जागेवरच ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात, लेकीकडे मुरबाडला गेलेल्या सापगावच्या अंबूबाईंचा पाय पत्र्याने कापला आणि चिघळला. डॉक्टर सुई भरू लागले.

"मला येक सुई सोसत नाय," अंबूबाई म्हणाल्या. "कंची ती ठावं नाय. शापूरच्या कंप्युटरात लिवलंय."

नव्या संगणकाने तीनदा सांगितलं, नोंद नाही. डॉक्टरांनी शहापूरला फोन लावला. ताईंनी फडकं भिरकावलं आणि मला सुरू केलं. मी बराच वेळ घरघरलो, पण कप्पा उघडलाच. "पेनिसिलीन नका देऊ, डॉक्टर!" ताई फोनवर ओरडल्या. डॉक्टरांच्या हातात तीच सुई होती.

दुसऱ्या दिवशी दिपेश नव्या संगणकाला घेऊन पडलेल्या चेहऱ्याने आला. एकेक मराठी अक्षर टाइप करून त्याने आम्हा दोघांना ताडून पाहिलं. तेव्हा कळलं, एकशे सत्तावीसच्या पुढचा आकडा मी उणे धरतो, नवा अधिक; त्याच्या दोनशेला मी उणे छप्पन्न म्हणतो. इंग्रजी अक्षरं सगळी एकशे सत्तावीसच्या अलीकडे, मराठी सगळी पलीकडे, म्हणून मराठी नावांचेच कप्पे चुकत होते.

"चूक याची नाय ताई, माझी," तो म्हणाला.

"अरे, आपली माणसं नावं मराठीत सांगतात ना रे?"

त्याने नव्याला त्या आकड्यांतून दोनशे छप्पन्न वजा करायला शिकवलं. सगळे कप्पे जुळले. पाय बरा झाल्यावर अंबूबाई मुद्दाम आल्या आणि माझ्यावर हात ठेवून ताईंना म्हणाल्या, "या म्हाताऱ्याला माझं नाव ठावं हाय गो!" मला भरून आलं.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुन्याला उचलण्याआधी त्याच्या रोजच्या कामातला एक प्रश्न त्याला विचारा. दिपेश आता प्रोग्राममध्ये काहीही बदललं की पहिलं नाव टाइप करतो, अंबूबाई, सापगाव. आणि उत्तर बरोबर आहे का, हे माझ्याकडे येऊन विचारतो.