ताप नसलेल्या घरातला थर्मामीटर

मी एक थर्मामीटर आहे, आणि दीड वर्षात एकदाही कुणाचा ताप मोजलेला नाही!

कुरुळीच्या मेडिकलमधून मला नवनाथने आणलं. तो चाकणला एका कंपनीत क्वालिटीला. त्याची बायको विजयश्री नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षा होईपर्यंत मूल नको होतं आणि गोळ्यांनी तिला मळमळायचं. मग दवाखान्यातल्या सिस्टरनी दोघांना शेजारी बसवून शिकवलं. पाळीच्या तारखा, योनिस्राव आणि सकाळचं तापमान, तिन्ही रोज बघायचं. स्त्रीबीज सुटलं की अंग किंचित गरम होतं; तसं तीन दिवस टिकलं आणि स्रावही आटला, की मग मूल राहण्याचा धोका टळतो.

डोळे उघडले की अंथरुणातच मी विजूच्या जिभेखाली. शिफ्टवरून आला की नवनाथ आलेख भरायचा, अगदी कंपनीतल्यासारखा.

"तीन रीडिंग वर गेल्याशिवाय माल पास न्हाई."

"मी माल हाय व्हय रे?" विजू उशी फेकायची. तोवर दोघांच्या गाद्या वेगळ्या.

मग बीडहून सासूबाई आल्या, दुर्गाबाई. चार सकाळी त्यांनी मला पाहिलं, पाचव्या दिवशी काढा उकळला. "रोज ताप येतोय आन् सांगत न्हाईस? म्हणूनच लेकरू राहीना!"

नवनाथने मोबाइलमध्ये डोकं घातलं. अरे, बोल ना! मी आतून ओरडत होतो, पण मला नुसतं 'पीप' करता येतं.

शेवटी विजूनेच आलेख पसरला. सगळं सांगितलं, न लाजता. "आई, परीक्षा झाल्यावर. आमचं दोघांचं ठरलंय."

दुर्गाबाईंनी आलेखावरून बोट फिरवलं. "मला पाच झाली," त्या म्हणाल्या. "कुणी इचारलं न्हाई का सांगितलं न्हाई." आणि काढा स्वतःच पिऊन टाकला. "दे परीक्षा."

विजू पास झाली. आलेख तोच राहिला, वापर उलटा झाला. टाळायचे तेच दिवस आता निवडायचे! चौथ्या महिन्यात तापमान चढलं ते, एरवी पाळी आली की उतरतं तसं, उतरेचना. पंधरा दिवस, सोळा, सतरा. बीडहून रोज फोन : "आज किती?"

अठराव्या सकाळी नवनाथने पेन खाली ठेवलं. "माल पास!"

विजूने उशी उचलली, पण फेकली नाही. ती पोटाशी धरून हसत बसली. दवाखान्यातल्या तपासणीनेही होकार दिला.

आता मी कपाटात निवांत पडून असतो. मागणं एकच : घरात बोला. आणि नवरोबांनो, आलेख तुम्ही भरा. उद्या बाळाचं अंग तापलं की सगळे म्हणतील, थर्मामीटर अखेर कामाला आला.

म्हणू देत. मी तर केव्हाच आलोय.