डावा पाटा, उजवा पाटा

कल्याणची लष्करी छावणी उठली, तेव्हा लिलावात निघालेला एक ट्रक सहदेव आणि महिपत या दोघा भावांनी मिळून घेतला होता. चांगला उंच, चारही चाकांना जोर असलेला आणि हाकणाऱ्याची जागा डावीकडे असलेला. पावसाळ्यात जिथे बैलगाडी रुतायची, तिथून हा गुरगुरत बाहेर पडायचा. थोरला महिपत मुंब्र्याच्या बाजूच्या खाणीत सुरुंग लावायचा, धाकटा सहदेव तिथली खडी ट्रकात भरून ठाण्याला, डोंबिवलीला पोचवायचा. दोघं मूळचे साताऱ्याकडचे. कोपर गावात काळुराम म्हात्र्यांच्या जागेत शेजारी शेजारी खोल्या घेऊन राहिलेले.

पण गेली दोन वर्षं या खोल्यांमध्ये जाणं-येणं नव्हतं.

खडी वाहून वाहून ट्रकचे मागचे पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पानं रचलेल्या ओझं झेलणाऱ्या कमानी, पार सपाट झाले होते. ओझं नसतानाही मागचं अंग असं बसायचं, की दमलेली म्हैसच वाटावी. एका खड्ड्यात उजव्या पाट्याची दोन पानं कडकन मोडली आणि चाक फळीला घासायला लागलं. सहदेव कल्याण कॅम्पात गेला. तिथे सिंधहून आलेल्या एका म्हाताऱ्याने भंगारातून तसल्याच ट्रकच्या पाट्यांची जोडी शोधून दिली. बजावून सांगितलं, "देखो भाऊ, दोन्ही सारखे नाहीत. एकात एक पान जास्त आहे. तो ड्रायव्हरच्या बाजूला. उलट लावलास तर गाडी तिरकी उभी राहील."

पाटे आले, पण ते एकट्याने चढवायचे कसे? एकेक पाटा दोघांनी उचलावा एवढा जड. काळुराम म्हणाला, "तुजा भाव हाय ना रं? ट्रक दोघांचा, मंग दोघांनी करा." आणि सहदेवला काही बोलू न देता त्याने महिपतला निरोप धाडला.

सुटीच्या दिवशी सकाळी महिपत काळुरामच्या खळ्यावर आला. सदऱ्याच्या बाह्या वर करून त्याने एकदा सहदेवकडे पाहिलं, हसल्यासारखं केलं आणि सरळ ट्रकखाली शिरला.

सहदेवला काही सुधरेना. हसला का हा? ज्या माणसाने दोन वर्षांपूर्वी आपल्या तोंडावर पाठ फिरवली, तो असा सहज हसतो कसा?

ती सकाळ सहदेव विसरला नव्हता. त्याची बायको गोदूबाई बाळंतपणात अडली होती. सुईण म्हणाली, कल्याणला दवाखान्यात न्या, ताबडतोब. ट्रक दारात होता, पण बॅटरी मेलेली. हँडल मारून चालू करायचा, तर ते काम महिपतचंच. त्या हँडलने बाकी कुणाचंही मनगट मोडलं असतं. सहदेव धावत भावाच्या दाराशी गेला. शेवंता वहिनी माहेरी गेलेली, दाराला आतून कडी. त्याने दार बडवलं, हाका मारल्या. मग खिडकीतून पाहिलं, तर महिपत पाठमोरा बसून भाकरी खात होता. "दादा! अरे दादा, गोदू अडलीय!" महिपतने मान वळवली नाही. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला.

शेवटी काळुरामने बैलगाडी जुंपली. गोदूबाई वाचली. मूल वाचलं नाही.

त्यानंतर सहदेवने भावाला कधी जाब विचारला नाही. काय विचारायचं? डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पण गुंता असा, की महिपत रस्त्यात भेटला तर थांबायचा. कधी विचारलेल्याला नीट उत्तर द्यायचा, कधी मुळीच नाही, आणि कधी भलतंच. "पेट्रोल आणलंस का?" विचारलं, तर म्हणायचा, "बरी आहे आता." सहदेवला वाटायचं, हा माझी थट्टा करतोय.

आताही तसंच झालं. ट्रकचं मागचं अंग जॅकवर उचललं. जुने पाटे गंजाने जाम झालेले, पिना ठोकून ठोकून काढल्या. नवा पाटा खाली सरकवताना सहदेव पलीकडून ओरडला, "जास्त पानांचा डावीकडे हां!"

महिपतने हाताला लागला तो पाटा ओढून उजवीकडे लावला. दोन्ही बाजू आवळून होईपर्यंत सहदेवच्या ते ध्यानात आलं नाही. जॅक उतरवला, तर ट्रक एका खांद्यावर ओझं घेतल्यासारखा डावीकडे कलला.

"सांगितलं होतं ना मी!" सहदेव उखडला. "मुद्दाम करतोस का?"

महिपत त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. मग कललेल्या ट्रकला वळसा घालून आला आणि म्हणाला, "उलटे लागले वाटतं." जसं काही हे त्याला आत्ताच कळलं होतं.

सहदेवचा राग कुठे जाऊन बसावा तेच त्याला कळेना. माणूस वैराने वागतो, तर इतका निमूट कसा? आणि निमूट आहे, तर ऐकत का नाही?

ट्रक पुन्हा उचलला. जमीन खाडीकडची, वरून वाळलेली, आतून मऊ. जॅकखाली फळी होती, पण ती एका कडेने दबत चालली होती. महिपत चाकाच्या मागे पालथा पडून पिन ठोकत होता. सहदेवने पाहिलं, जॅक तिरपा झाला.

"दादा, बाहेर हो!"

महिपतची हातोडी चालूच.

"बाहेर हो, जॅक सुटतोय! दादा!"

तसाच पाठमोरा. तीच पाठ. सहदेवने झेप घेऊन महिपतच्या दोन्ही घोट्यांना धरलं आणि असेल नसेल तेवढ्या ताकदीने ओढलं. महिपत बाहेर आला आणि जॅक उडाला. ट्रकचा सांगाडा धाडकन ॲक्सलवर आदळला. महिपतची हातोडी खाली चेपून गेली.

महिपत धुळीत उठून बसला. हनुवटी खरचटली होती. आधी चिडून म्हणाला, "ओढतोस काय येड्यासारखा?" मग त्याने वळून ट्रक पाहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"एवढा ओरडलो मी," सहदेव धापा टाकत म्हणाला. "कितीदा ओरडलो!"

"कधी?" महिपतने विचारलं.

सहदेवने त्याच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. सहदेव उठला, भावाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात नव्हे, चांगलं मोठ्याने म्हणाला, "दादा." महिपत हनुवटीचं रक्त पुसत राहिला.

सहदेव पुढे येऊन उकिडवा बसला. महिपतने त्याचे डोळे पाहिले आणि आपली नजर खाली वळवली.

"सुरुंगांनी खाल्ले कान," तो म्हणाला. "आधी एक गेला. मग दुसरापण गेल्यातच जमा. माणूस समोर असला, तर तोंडावरून ओळखतो. खाणीत कळलं, तर उभं करतील का मला? शेवंताशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"मला सांगायचं नाहीस?"

"तू कुठे येत होतास?"

सहदेवने त्याचे खांदे धरून त्याला आपल्याकडे वळवलं. "त्या सकाळी मी आलेलो दादा. गोदू अडलेली तेव्हा. दार बडवलं. तू भाकरी खात होतास. खिडकीतून पाहिलं मी."

महिपतला बहुधा पहिल्यांदा नीट समजलं नाही. सहदेवने पुन्हा सांगितलं. मग समजलं.

"मला वाटलं," महिपत म्हणाला, "बैलगाडी बोलावलीस, मला बोलावलं नाहीस. एवढी अडचण आणि सख्ख्या भावाला हाक नाही. मी पण मग..." दोघं धुळीत तसेच बसून राहिले. गळामिठी वगैरे काही झाली नाही. दोन वर्षं जो राग सांभाळला, तो ठेवायचा कुठे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

काळुराम आवाज ऐकून धावत आला होता. त्याने नवीन फळ्या आणल्या, जॅकखाली जाड ठोकळे घातले. या वेळी सहदेव स्वतः ट्रकखाली शिरला. महिपत त्याच्या तोंडासमोर बसून हातात पाना देत राहिला. जास्त पानांचा पाटा डावीकडे लागला आणि जॅक काढल्यावर ट्रक सरळ उभा राहिला, पूर्वीपेक्षा वीतभर उंच.

घरी जाऊन सहदेवने गोदूबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले.

"म्हणजे भावजींना ऐकूच आलं नव्हतं?"

"नाही."

तिने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मग मी इतके दिवस शिव्या कुणाला देत होते?" आणि पदर तोंडाला लावून रडली. कुणासाठी रडते आहे, हे सहदेवला कळलं नाही. बाळासाठी असेल, महिपतसाठी असेल.

सहदेव मनातून घाबरला होता ते वेगळ्याच गोष्टीने. सुरुंग उडण्याआधीची इशाऱ्याची शिट्टी ज्याला ऐकू येत नाही, तो रोज सुरुंग लावतो. सांगावं तर भावाचं पोट जातं, न सांगावं तर भाऊ जातो, वर चार माणसं जातात. आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. शेवटी तोच शेवंता वहिनीकडे गेला. तिच्या दाराशी तो दोन वर्षांनी उभा होता. तीच म्हणाली, "भावजी, मी त्यांच्या पाया पडून थकले. तुम्ही ट्रकवर घ्या ना त्यांना."

महिपतने आधी नकार दिला. ट्रकवर क्लीनर म्हणून चढायचं, तेही धाकट्या भावाच्या हाताखाली! पण पुढे एका सुरुंगाच्या वेळी दुसऱ्या गड्याने त्याला हाताला धरून मागे खेचलं आणि त्या दिवशी घरी येऊन तो स्वतःच म्हणाला, "उद्यापासून येतो."

आता दोघं ट्रकवर असतात. हँडल महिपतच मारतो. नव्या पाट्यांमुळे रिकामा ट्रक खड्ड्यांतून असा उडतो, की दोघांची डोकी वर आपटतात. गोदूबाई शेवंताकडे जाते, पण तिथे जेवत अजून नाही. आणि सहदेवचं म्हणाल, तर कधी कधी तो विसरतो. मागून हाक मारतो, महिपत वळत नाही, आणि जुना राग क्षणभर भसकन वर येतो. मग पुढे जाऊन त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं, हे आठवतं. राग येतो कशाला, आता तर सगळं ठाऊक आहे, असं तो स्वतःलाच विचारतो.