तळघरातल्या बूस्टरवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना सिग्नल बूस्टर आहे आणि मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात माझं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

कारखान्यातल्या बाईंनी मला तपासून पाठीवर 'पास' असं लेबल लावलं आणि मी आलो तो थेट एका बाइंडरच्या तळघरात. पुढे पुस्तकबांधणी, मागे नवराबायकोचा संसार. भिंती दीड हात जाड, त्यामुळे मोबाइलला रेंजच नाही.

आणि रेंज तर हवीच होती. बाइंडरच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. नव्या किडनीसाठी त्याचं नाव यादीत होतं. इस्पितळातून फोन कधीही येणार होता. तो उचलला नाही, तर किडनी पुढच्या माणसाला जाणार.

मला बसवलं तेव्हा बाइंडर डायलिसिसला गेला होता. शिडी धरायला त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ होता. सतत काहीतरी खटपट करायचा, म्हणून सगळे त्याला हिकमतराव म्हणत. तंत्रज्ञाने एक अँटेना गच्चीवर लावली, दुसरी खाली छताला, आणि मधे मला. जाताना तो म्हणाला, "या दोन अँटेना कधी जवळ आणू नका. याचाच आवाज याच्या कानात घुमतो आणि हा बंद पडतो. मग लाल दिवा लागतो."

"हो हो, माहितीये," हिकमतराव म्हणाला. तो आपल्या मोबाइलवर रेंजच्या किती काड्या आल्या, ते बघत होता.

तीन वर्षं मी इमानेइतबारे राबलो. पुस्तकांची धूळ झटकायच्या मऊ ब्रशने बाइंडर रोज सकाळी माझंही अंग पुसायचा. "हा आहे म्हणून मी निर्धास्त," असं गिऱ्हाइकांना सांगायचा. खोटं कशाला बोलू, मी फुशारून जायचो.

एका सकाळी बाइंडर कागद आणायला गेला आणि हिकमतरावाला हुक्की आली. "ताई, एवढी लांब वायर! सगळा जोर वाटेतच संपतो बघ." त्याने गच्चीवरची अँटेना उतरवली आणि तळघराच्या झरोक्यात, पुठ्ठ्यांच्या चळतीमागे, दुसरीच्या अगदी नाकासमोर बांधली. माझ्या कानात माझाच आवाज घुमू लागला. मी गप्प झालो आणि लाल दिवा लावला. त्याहून मोठ्याने मला ओरडता येत नाही.

"अरे, हा दिवा लाल का झाला?" ताईने विचारलंसुद्धा.

"लाल म्हणजे फुल पॉवर, ताई!"

दुपारी इस्पितळाने तीनदा फोन केला. बाइंडर आणि त्याची बायको मोबाइल शेजारी ठेवून पानं शिवत बसले होते. माझ्या भरवशावर त्याची काड्या बघायची सवयच मोडली होती. संध्याकाळी तो पुस्तकं पोचवायला रस्त्यावर गेला, तेव्हा तिन्ही निरोप एकदम आले. दारातूनच बायकोला सांगून तो इस्पितळात धावला. किडनी दुसऱ्याला दिली होती.

तो परत येईपर्यंत हिकमतरावाने अँटेना गुपचूप गच्चीवर नेऊन लावली आणि मी पुन्हा चालू झालेला दिसू नये म्हणून माझा प्लग उपटला.

"कुणी हात लावला होता का याला?" बाइंडरने विचारलं.

"छे! डबाच टाकाऊ आहे हा."

ताईने भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाइंडरने स्वतःच्या हाताने माझे स्क्रू काढले. "तुझ्यावर विसंबलो, हीच माझी चूक," म्हणाला. मित्रांनो, हिकमतरावाने दगा दिला, ताईने दिला. पण दगाबाज ठरलो मी. हे मला फार लागलं.

आता माझ्या जागी नवा बूस्टर आहे. मी फळीवर खोक्यात आहे. अँटेना जागेवर असल्याने त्याचं काम छान चाललंय, म्हणजे जुनाच वाईट होता, असं सगळे म्हणतात. बाइंडर अजून यादीतच आहे. तुमच्या हातून काही चुकलं, तर त्याच दिवशी सांगा, एवढंच माझं मागणं. मुक्या वस्तूवर ढकललं, की चूक तशीच घरात राहते.

आज सकाळीच हिकमतराव नव्या बूस्टरची वायर निरखत म्हणाला, "ताई, जोर जरा कमी वाटतोय. थांब, मी बघतो."

"खबरदार त्या अँटेनाला हात लावशील तर!" ती किंचाळली.

बाइंडरने मान वर केली. "अँटेनाला? का गं?"

तिने हातातली सुई खाली ठेवली. म्हणाली, "सांगते."