दुलईतलं पाचवं मत

सात नातलगांच्या घरी सात जुनी कॉम्प्युटर-मशीनं ठेवलेली होती. मामाच्या मशीनवर घर बदलताना कपाट पडलं, भावाच्या मशीनने आपणहून मान टाकली. चार धडधाकट होती. उरलेलं एक आत्याकडे होतं, आणि ते आज सकाळपासून उत्तर देत नव्हतं.

ही मांडामांड मोजपट्टीची. लहानपणापासून दिसेल ते मोजते, म्हणून घरात पडलेलं नाव. तिचा संशोधनाचा पेपर ब्लॉकचेनवर होता: वर कोणी मुकादम नसताना मशीनांनी एकमत कसं करावं. नोंदींचा नवा ठोकळा साखळीत जोडायचा तर सातांपैकी पाचांचा होकार हवा. दोन बिघडली तरी चालतं. तिसरं बिघडलं की गाडं रुतलं. पेपर उद्या धाडायचा होता आणि निकालाचं पान कोरं होतं. गाईड म्हणाले होते, "चार मतांवर धाडलास, तर तुझ्याआधी तो घरी पोचेल."

आत्या फोन उचलेना, तेव्हा ती थेट तिच्या घरी गेली.

मशीन कोपऱ्यातल्या स्टुलावर होतं. गळ्यापर्यंत दुलईत.

"आत्या! हे काय?"

"अगं, रात्रभर घुरघुरत होतं बिचारं. थंडी वाजत असेल म्हटलं."

"तो आतला पंखा आहे!"

"पंखा? मग तर वाजणारच की थंडी!"

मोजपट्टीने कपाळाला हात लावला, मग मशीनला. चांगलंच तापलं होतं. तापलं म्हणून मंदावलं होतं, आणि तिचा प्रोग्राम दोन सेकंद वाट पाहून त्याच्यापुढे 'मृत' लिहीत होता.

"मेलेलं?" तिने ते सांगताच आत्या फणकारली. "आणि मी दहाव्या रिंगला फोन उचलते, तर मलाही मेलेली धरतेस का गं?"

मोजपट्टी हसली, आणि हसता हसता थांबली. दुलई काढली की प्रश्न मिटत होता. पण पेपरचा दावाच असा होता, की ही पद्धत साध्या घरांतही चालते. आणि साध्या घरांत आत्या असतात.

"राहू दे दुलई," ती म्हणाली. "थोडा वेळच."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

ती लॅपटॉप उघडून तिथेच जमिनीवर बसली आणि सगळ्यांना सरसकट दोन सेकंद देणारी ओळ तिने खोडली. आता ज्याला मागच्या फेऱ्यांत जितका उशीर झाला, त्याच्यासाठी तितकं आणि वर थोडं थांबायचं. आत्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत होती.

"आमचं आलं का?"

"थांब जरा."

"मी थांबतेच आहे. तुझ्या त्या यंत्राला सांग."

शंभर फेऱ्या झाल्यावर मोजपट्टीने निकालाच्या पानावर लिहिलं: चालू मशीनं पाच, त्यांतलं एक दुलईखाली. पाचही मतं मिळालेल्या फेऱ्या शंभरपैकी सत्त्याण्णव. सर्वांत उशिरा आलेलं मत, ३.४ सेकंद.