बुधरीच्या जागेचा मुका गज

मी एक जुनी किंगरी आहे. सारंगी नाही आणि व्हायोलिन तर नाहीच नाही. शाळकरी पोरं मला बघून असलं काहीबाही म्हणतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेच्या एका गावात, सुकलू परधानाच्या घरी मयालीला, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडाला, मी टांगलेली असते. अंगावर युरियाची रिकामी पिशवी. उंदरांनी कुरतडू नये म्हणून सुकलूच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, ती चढवली आहे. खरं सांगू का मित्रांनो, मी थकले आहे. एक तार सैल पडली, कातड्याला सुरकुत्या आल्या, आणि त्या खताच्या वासानं जीव नकोसा झाला. पण आज बोलायचं ठरवलंच आहे, तर बोलून घेते.

माझा जन्म शिवणीच्या लाकडातला. सुकलूचा आजा लहानू परधान यानं मला स्वतःच्या हातानं कोरलं, वर बकरीचं कातडं ताणलं आणि घोड्याच्या शेपटीचे केस वळून तीन तारा चढवल्या. तारांवर ओढायच्या गजाला घुंगरू बांधले. मग मला देवापुढे ठेवून मोहाची दोन थेंब दारू शिंपडली आणि म्हणाला, "बाई, आता तू बोलाचं अन् मी आयकाचं." तसं पाहिलं तर आयुष्यभर उलटंच झालं. बोलला तो, आणि मी मागून सूर धरला.

आमचं काम काय, तर गोंडांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या पूर्वजांची नावं गाणं. कोणाचा बाप कोण, आजा कोण, पणजा कुठून आला, कोणती नदी ओलांडून आला, त्यानं कोणत्या झाडाखाली पहिली चूल मांडली. राजेरजवाड्यांकडे वंश सांगणारे भाट असत, तीर्थांच्या गावी पंडे असत, त्यांच्याकडे म्हणे मोठमोठी बाडं असतात. आमच्या लहानूकडे कागदाचा कपटा नव्हता. पण या मुलखात वंशाचा पंडित कोण म्हणून विचारलंत, तर म्हातारी माणसं अजून त्याचंच नाव घेतात. भांडण झालं की लोक म्हणत, "लहानूले बोलवा, मंग पाहू."

हे सगळं कशाला, असं तुम्ही विचाराल. तर ऐका. गोंडांच्या घराघरांचे देव मोजलेले असतात. कोणी सहा देवांचे, कोणी सात देवांचे. सहा देवांची सगळी घरं एकमेकांची भाऊ. भावाच्या घरात सोयरीक होत नाही, तिथं सात देवांचं घर बघावं लागतं. म्हणून पोरीचं लग्न ठरवण्याआधी परधानाला गायला लावत. तो गाताना देवांच्या संख्येप्रमाणे चाल वेगळी लावी. सहा देवांची चाल संथ, सात देवांची जरा उड्या मारणारी. डोळे मिटून ऐकणाराही चाल ओळखून सांगे, हे कोणाचं घर.

पण या गाण्यात एक खोट होती. त्यात फक्त पुरुषांची नावं होती. बापाचा लेक, लेकाचा लेक, बस्स.

एकदा सोमा पाटलाच्या अंगणात लहानू गात होता. आडनाव सांगत नाही हं, उगाच कोणाच्या घरी कुरबुर नको. सोमाला मुलगा नव्हता, एकुलती एक लेक होती, बुधरी. गाणं सोमापाशी येऊन संपलं, तशी ती पोट्टी पुढं झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन् मी कुठी आहो?"

सगळे हसले. लहानू मात्र हसला नाही. "रीत नाई ना बाई," तो म्हणाला. "बाईचं नाव गाता येत नाई."

"मंग गाऊ नका. पन थांबा तं खरं माह्यापाशी!"

लहानूनं मला मांडीवर घेतलं. मग त्यानं तोंड बंद ठेवलं आणि गज माझ्या तारांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच सावकाश ओढला. शब्द नाही, नुसता सूर. "हे तुही जागा," तो बुधरीला म्हणाला. त्या दिवसापासून जिथं जिथं लेकीवरून वंश पुढं जाई, तिथं तो असा मुका गज ओढून पुढं जावयाच्या देवांची चाल धरू लागला, कारण लेकराला देव बापाचे. दुसऱ्या परधानांचं मला ठाऊक नाही, आमच्या घरी ही रीत लहानूनं बसवली. मला ती फार आवडली, कारण तेवढ्या जागी मी एकटीच बोलत होते.

पुढे बुधरीसाठी सोमानं लमझेना आणला. लमझेना म्हणजे लग्नाआधी सासऱ्याच्या घरी राहून राबणारा जावई. पोचू त्याचं नाव. सिरोंच्याकडचा, सात देवांचा. बोलताना मधूनच तेलगू शब्द टाकी. दोघांचा पोरगा देवाजी रांगत होता तेव्हा जंगलात झाड अंगावर पडून पोचू गेला. पोराला सोमानंच वाढवलं. शाळेत नाव घालायला सोमाच घेऊन गेला आणि मास्तरांनी त्याचंच आडनाव लावलं. गाव म्हणू लागलं, सोमा पाटलाचा देवाजी. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार?

लहानू गेला, त्याचा लेक गेला, आणि मी सुकलूकडे आले. सुकलू गुणी माणूस, लहानपणी आजानंच त्याचा हात गजावर बसवलेला, गळा तर बापापेक्षा गोड. पण काळ बदलला होता मित्रांनो. पूर्वी गाणं सुरू झालं की म्हाताऱ्या चूल विझवून येत. आता लोक म्हणू लागले, "सुकलूभाऊ, थोडक्यात आटपा जी, डीजेवाला येऊन राह्यला." तो तरी काय करील? त्यानं आधी नद्या गाळल्या, मग झाडं गाळली. शेवटी मुके गजही गाळले. शब्दच नाही तर ऐकतो कोण, असं त्याला वाटलं. मग सोमाच्या मागोमाग, पोचूही गळून, त्याच संथ चालीत थेट देवाजीचं नाव येऊ लागलं. सांधा बुजून गेला. मला कळत होतं, पण मला तोंड कुठं आहे? पुढे पुढे बोलावणंही येईना. सुकलूची बोटं आखडली, मी पिशवीत गेले.

मग गेल्या चैतात एके दुपारी अंगणात माणसं जमली. मोहफुलं वाळत घातली होती, त्यांच्या वासानं माशा घोंगावत होत्या. वच्छलाबाईनं मला खाली काढलं आणि पिशवी ओढली. समोर बायनाबाई बसली होती, देवाजीची म्हातारी बायको. बुधरीची सून म्हणा ना. तिच्या शेजारी तिची नात, मुलाची लेक ललिता. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीनं मोलमजुरी करून वाढवलेली, आता गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स. आणि थोडं अंतर राखून प्रफुल, चामोर्शीत मोटारी दुरुस्त करणारा, आणि त्याचे काका खुशालभाऊ.

पोरा-पोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं, मागणी झाली होती, वैशाखात लग्न होतं. आणि आता खुशालभाऊ मान खाली घालून सांगत होते, "सोमा पाटलाचं घर सहा देवांचं. आमीबी सहा देवांचे. माहं काई वैर नाई जी, पोरगी लाखात एक आहे. पन भाऊ-बहिणीची सोयरीक कशी लावू? देव कसे मोडू?"

"पळून काऊन नाई जात?" गर्दीतून कोणीतरी पुटपुटलं.

ललितानं ते ऐकलं. "मी पळणार नाई," ती म्हणाली. "आजीनं मले चोरून नाई वाढवलं. गावासमोर लगन होईन, नाई तं होनारच नाई." प्रफुलनं चेहरा दुसरीकडे वळवला.

बायनाबाईनं सुकलूपुढे हात जोडले. "भाऊ, पुरं गा ना एकदा. जसं तुमचा आजा गाये तसं. काई निघालं तं निघालं."

"मले आता आठवत नाई बाई," सुकलू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नावं येतात अन् जातात. काई चुकीचं निघालं तं या पोरीचं वाटोळं होईन."

"आधी राळ तं लावा गजाले," वच्छलाबाई फिसकारली. "रडाचं मंग रडा."

राळ लागली. सुकलूनं मला छातीशी धरलं. त्याची बोटं लाकडासारखी झाली होती, माझी तार कुरकुरली, दोघंही म्हातारे, कोणी कोणाला नावं ठेवायची? तो गाऊ लागला. सहा देवांची संथ चाल. गाळलेल्या नद्या एकेक करून परत आल्या, झाडं आली, पहिली चूल आली. घामानं त्याचा सदरा भिजला. बायनाबाई ओठ हलवीत ऐकत होती. गाणं सोमापाशी पोचलं आणि सुकलू अडखळला. तोंड उघडं, शब्द नाही. मी जीव मुठीत धरून बसले. म्हण देवाजी, म्हणून टाक एकदाचं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खुशालभाऊ उठायला लागले.

तेवढ्यात सुकलूचा हात हलला. गज या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेला. मुका. आणि हात तिथं थांबला नाही. त्यानं चाल बदलली. संथ चाल सुटली आणि बोटं उड्या मारू लागली. सात देवांची चाल! तोंड विसरलं होतं मित्रांनो, हाताला मात्र लहानूनं लावलेली सवय होती.

सुकलू स्वतःच दचकला. "थांबा," तो म्हणाला. "थांबा जी खुशालभाऊ. इथी कोनी बाई आहे. माह्या आज्यानं इथी गज ओढला आहे. सोमा पाटलाची लेक आहे इथी!"

"लेक?" खुशालभाऊ म्हणाले. "सोमाले तं देवाजी होता ना."

मग बायनाबाई हळूहळू बोलू लागली, जणू स्वतःलाच सांगत होती. "माही सासू, बुधरी माय... गावात कोनाचाच पडदा नाई करे. म्हाताऱ्या पाटलासमोरबी डोक्यावर पदर नाई घे. मले वाटे, मोठ्या घरची सून आहे, म्हनून चालते. अव माय! ते सून कुठी होती? ते तं गावची लेक होती!" तिनं कपाळावर हात मारला. "अन् पान्याले कधी कधी नीळ्ळू म्हने. मी हासो. म्हने, तुह्या सासऱ्यानं शिकवलं."

"नीळ्ळू," सुकलू पुटपुटला. "हा तं तेलगू शब्द. सिरोंच्याकडचा. लमझेना आला होता. पो... पोचू! पोचू, सात देवांचा!" आणि अडलेलं गाणं एका दमात पुढं निघालं. पोचूचा देवाजी, देवाजीचा लेक, आणि त्याच्यापाशी येऊन थांबलं.

खुशालभाऊ परत खाली बसले. त्यांनी जमिनीवरचं एक मोहफूल बोटांनी फिरवलं. "चाल तं सात देवांचीच होती," ते शेवटी म्हणाले. "म्या माह्या कानानं आयकली. करा तयारी बाई." ललितानं आजीच्या कुशीत तोंड खुपसलं आणि लहान पोरीसारखी रडली. वच्छलाबाई म्हणाली, "आता रडा, आता चालते."

वैशाखात लग्न झालं. डीजेचे खोके आले होते, पण त्यांची वायर जोडण्याआधी सुकलू मांडवात बसला आणि गायला. सोमापाशी आला तेव्हा त्यानं गज ओढला आणि मुका ठेवला नाही. "बुधरी," तो मोठ्यानं गायला. दोन-चार म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, रीत मोडली म्हणून. पण बायनाबाईनं डोळ्याला पदर लावला होता, तिच्यापुढे कोण काय बोलणार? शेवटी ललिताची जागा आली. सुकलू दमला होता, सवयीनं त्याचं तोंड बंद झालं आणि हातानं मुका गज ओढला. तशी मुंडावळ्या सावरत नवरीच ओरडली, "ललिता!" सगळा मांडव हसला. मीसुद्धा हसले असते, पण तेवढ्यात माझी सैल तार तुटली.

ती अजून तुटलेलीच आहे. घोड्याचे केस आता मिळत नाहीत आणि सुकलूची बोटंही वळत नाहीत. मी पुन्हा मयालीला आहे, पिशवीत. मला शिकायला कोणी येईल, अशी आशा मी सोडली आहे. रागावून नव्हे, थकून.

तुम्ही किंगरी नाही वाजवली तरी चालेल, मित्रांनो. पण आज घरी गेलात की तुमच्या आजीजवळ बसा. तिच्या आईचं नाव विचारा, मग त्या आईच्या आईचं. घाई करू नका, तिला आठवायला वेळ लागेल. आणि तुम्ही स्वतः तुमच्या पूर्वजांची नावं सांगताना कुठं अडखळलात, तर ती जागा गाळून पुढं पळू नका. जरा थांबा. तिथं एखादी बाई कमरेवर हात ठेवून उभी असेल.