हद्दीपर्यंतचं रिव्हॉल्व्हर

आता मी कुवेतमध्येच, महबूला भागात बायकोमुलांसोबत राहतो. एसी प्रत्येक खोलीत वेगळा आहे, आणि मुलं माझ्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात. पण माझा कुवेत म्हणजे अजून रिग्गईची ती खोली. अठ्ठ्याण्णव साली तिथे आम्ही पाच जण राहायचो, एका न्हाणीघरासाठी रांग लावायचो आणि शुक्रवारी मिळून मासे करायचो.

त्या पाचांत सगळ्यांत वडीलधारे तुकाराम राऊळ. सावंतवाडीकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. गावी असताना बँकेत पहारेकरी होते आणि त्यासाठी त्यांनी स्वतःच्या नावावर रिव्हॉल्व्हरचं लायसन काढलं होतं. कुवेतला येताना ते हत्यार पोलीस ठाण्यात जमा करून आले होते. इथे आमच्या कंपनीच्या गोदामावर ते वॉचमन होते आणि हातात फक्त टॉर्च असायची. आम्ही त्यावरून चिडवायचो. ते हसायचे आणि टॉर्चचे सेल बदलायचे.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर विजयकुमार. हाही सावंतवाडीचाच, वेल्डिंगचा फोरमन. त्याच्या मुलीचं, मुक्ताचं लग्न मे महिन्यात ठरलं, तेही बेळगावला, मुलाकडच्यांच्या कार्यालयात. नेमकं त्याच महिन्यात रिफायनरीचं शटडाऊनचं काम निघालं आणि मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, विजयकुमारची सुट्टी नाकारली. तो तीन वेळा विनवायला गेला. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा बराच वेळ बूट न काढताच बसून राहिला.

मुक्तासाठी त्याने दर सुट्टीला एकेक करून दागिने जमवले होते. ते सावंतवाडीहून घाट चढून बेळगावला न्यायचे होते, आणि त्या वाटेवर मागच्याच वर्षी एका वऱ्हाडाची जीप लुटली गेली होती. तुकारामकाका तेव्हा सुट्टीवर जाणार होते. विजयकुमारने त्यांना गळ घातली, की तुम्ही रिव्हॉल्व्हर घेऊन माझ्या बायकोमुलीसोबत जा.

काका लगेच हो म्हणाले. मग म्हणाले, की लायसन महाराष्ट्रापुरतं आहे. कर्नाटकात न्यायचं तर कलेक्टर कचेरीतून हद्द वाढवून घ्यावी लागेल. गेल्या गेल्या अर्ज टाकतो, पण वेळेत मिळेल असं नाही.

विजयकुमार वैतागला. "काका, शर्टाच्या आत कमरेला लावलेली वस्तू कोणाला दिसते?"

"माका दिसता," काका म्हणाले.

पुढचं आम्हाला फोनवरून कळलं. काकांनी सुट्टीचे पहिले बारा दिवस कचेरीच्या फेऱ्यांत घालवले. परवानगी आली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी ते रिव्हॉल्व्हर कमरेला लावून जीपमध्ये बसले. मागे विजयकुमारची बायको सुनंदावहिनी आणि मुक्ता. घाट निर्विघ्न पार पडला. पण हद्दीच्या अलीकडच्या शेवटच्या पोलीस ठाण्यापाशी काकांनी जीप थांबवली आणि हत्यार जमा करायला आत गेले. साहेब बंदोबस्ताला गेले होते. ते येऊन सही करून पोच देईपर्यंत दोन तास गेले. त्यानंतर काका रिकाम्या कमरेने, दागिन्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बेळगावपर्यंत गेले. वाटेत कोणी अडवलं नाही, कोणी तपासलंही नाही.

हेच विजयकुमारला झोंबलं. हळदीला उशीर झाला म्हणून व्याह्यांनी वहिनींना टोमणे मारले होते. मी इथे अडकलो आणि माझ्या माणसांना या माणसाने ठाण्याच्या दारात ताटकळत ठेवलं, असं तो येईल त्याला सांगत सुटला. काका सुट्टीवरून परत आले, कोकमं आणि काजू घेऊन आले, तेव्हा त्याने पुड्याला हात लावला नाही. काकांनी आपली बाजू मांडली नाही. एका खोलीत, दोन हातांच्या अंतरावर झोपणारी ती माणसं तीन आठवडे एकमेकांशी बोलली नाहीत. शुक्रवारचं जेवण आम्हाला गोड लागेना.

मग मुक्ताचं पत्र आलं. विजयकुमारने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्या हातात दिलं. "प्रीतम, मोठ्याने वाच," म्हणाला. काका तेव्हा खिडकीशी शर्टाला बटण लावत होते.

लग्नाची सगळी हकिगत लिहून झाल्यावर मुक्ताने लिहिलं होतं: 'बाबा, घरात महिनाभर पाहुणे होते. आईशी धड बोलताही आलं नाही. ठाण्यासमोरच्या फणसाखाली मात्र आम्ही दोघीच होतो. तुम्ही पहिल्यांदा कुवेतला गेलात तेव्हा ती कशी राहिली, ते तिने मला तिथे सांगितलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. राऊळकाका लांब पायरीवर पिशवी धरून आमच्याकडे पाठ करून बसले होते. उशीर झाला म्हणून आई रागावली असेल, पण ते दोन तास मला आयुष्यभर पुरतील.'

मी पत्राची घडी घातली. विजयकुमार उठला आणि काकांच्या खाटेवर जाऊन बसला.

"मी उगाच तापलो, काका."

काकांनी दोरा दाताने तोडला. म्हणाले, की बापाचा जीव तो, तापणारच. मग विचारलं, की कोकमं अजून आहेत, सार करूया का. सार विजयकुमारनेच केलं, आणि मीठ जास्त पडलं तरी कोणी बोललं नाही.

दोन हजार चार साली काका कायमचे गावी गेले. त्यांना विमानतळावर सोडून आम्ही रिग्गईला परतलो. खोलीत नवा माणूस संध्याकाळी येणार होता. तोपर्यंत विजयकुमार काकांच्या उघड्या गादीवर बसून राहिला, आणि मी चहा केला तेव्हा सवयीने एक कप जास्त झाला.