खोडीयंत्राचं हसणं

आमच्या शाळेत कुठेही पाल निघाली की मुलं आधी माझ्याकडे बघतात. रबरी आहे ती. एकोणीस वर्षं माझ्या खणात राहते, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या पर्समधून तिने तीनदा प्रवास केलाय. मी चित्रकला शिकवतो. म्हणजे फावल्या वेळात. खरा धंदा खोड्या काढण्याचा.

या धंद्यात मला शिष्या एकच मिळाली, माझी पुतणी. नववीत आहे. कोणाची चप्पल कुठे लपवायची हे आम्ही दोघं नुसत्या भुवयांवर ठरवतो.

यंदा नववीच्या मुलांनी पाच-पाच मिनिटांच्या फिल्म करायच्या होत्या. विषय, पन्नास वर्षांनंतरची शाळा. पुतणीच्या फिल्ममधल्या शाळेत भिंतीच शिकवतात. कोणाला काय येत नाही ते बाकाला आपोआप कळतं. कुणी नापास होत नाही, आणि कुणी हसतही नाही. म्हणून शाळा एक खोडीयंत्र मागवते. शेवट काही तिला सुचला नव्हता, पण यंत्राच्या कामाला मोठं माणूस हवं होतं.

मी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. सहज म्हणून तिच्या वर्गासमोरून चार चकरा मारल्या.

तिने वायफायला घेतलं.

वायफाय म्हणजे आमचे कॉम्प्युटरचे सर. नाव मीच ठेवलंय, कारण तो उभा राहील तिथे पोरं गोळा होतात. वय तीस, पोट नाही, केस आहेत. आणखी काय सांगू?

शाळा सुटल्यावर माझ्याच वर्गात तालीम होती. रंग वाळला का बघायचं निमित्त करून गेलो. वायफाय पुठ्ठ्याच्या चंदेरी खोक्यात उभा. पुठ्ठा माझा, रंग माझा. हातात पाल, तीही माझी. आणि मग तो चालला. एक खांदा खाली टाकून, चवड्यांवर, मांजरासारखा. ते चालणंसुद्धा माझं होतं. पोरं पोट धरून हसत होती आणि मी वाळलेला रंग बोटाने पुन्हा पुन्हा तपासत होतो.

"काका, पाल तुमच्या खणातून घेतली," पुतणी म्हणाली. घरी मला 'तू' म्हणते. त्याच्यासमोर 'तुम्ही'. तेही टोचलं.

"हे यंत्र म्हणजे मी ना? मग मला का नाही घेतलं?"

"तुम्ही लिहिलेलं करत नाही. मागच्या वर्षी नाटकात तुम्हाला झाड केलं होतं."

"चांगलं झालं होतं झाड."

"झाडाने राजाला टपली मारली, काका."

"लोक हसले की नाही?"

"राजा मरत होता."

वायफाय खोक्यातून अदबीने म्हणाला, "सर, चालणं बसलंय, पण तुमचं हसणं काही जमत नाही. शिकवाल का?" आणि हसून दाखवलं. रजेचा अर्ज देताना माणूस हसतो, तसं.

माणूस नम्र असला की त्याच्यावर नीट जळताही येत नाही. मी म्हटलं, शिकवतो की. आणि त्याला आमच्या दातांच्या डॉक्टरचं हसणं शिकवलं. आधी नाकातून फुस्स, मग खालच्या पट्टीत तीन हुंकार. पोरगं कष्टाळू, दहा मिनिटांत घोटून तयार.

पुतणी चष्म्यावरून बघत होती. मला कोपऱ्यात घेतलं.

"हे दाढ काढणाऱ्या डॉक्टरचं आहे."

"असेल."

"तुमचं का नाही दिलंत?"

"चाल घेतलीस, पाल घेतलीस," मी म्हणालो. "हसणं तरी राहू दे की मला. त्याला नाही देणार मी."

तिने चष्मा काढला. वाटलं, आता चिडेल. पण चष्मा पुसत म्हणाली, "मग त्यांना देऊ नका. तुम्हीच हसा. आवाज तुमचा टाकू, तोंड सरांचं."

तोंड त्याचं! पण अर्धं का होईना, आपलं काहीतरी येत होतं. हो म्हणालो. आणि वायफाय खोक्यातून बाहेर पडायची खटपट करत होता तेवढ्यात टेबलावरची पाल उचलून त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत सारली. माझीच पाल, तेव्हा चोरी नव्हे.

खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, माझ्या तोंडासमोर माईक आला. पुतणीने बोटाने खूण केली. हस.

आता मी आयुष्यभर हसलोय. प्रार्थनेत हसलोय, स्वतःच्या लग्नाच्या फोटोत हसलोय. पण तिथे घशातून निघाला नुसता कोरडा खोकला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. पुतणीच्या चेहऱ्यावर चक्क कीव होती. ती मला चालणार नव्हती.

"आवाज लांबून येतोय," वायफाय म्हणाला. "माझ्याकडे दुसरा माईक आहे." आणि बॅगेत हात घातला.

काय किंचाळला म्हणून सांगू! सुरुवात बाईच्या आवाजात, मध्ये शिट्टी, शेवट वासरासारखा. पाल उडून कपाटावर. मी जमिनीवर. हसता हसता बाकाखाली गेलो, डोळ्यांतून पाणी, बरगड्या दुखायला लागल्या. वर आलो तर पुतणीचं बोट तसंच बटणावर.

"आलं?" मी विचारलं.

"दोन्ही आलं," ती म्हणाली. "शेवट सापडला. पोरं यंत्राचीच खोडी काढतात, आणि यंत्र किंचाळतं."

शनिवारी सभागृहात फिल्म दाखवली. पडद्यावर वायफायचं तोंड उघडलं आणि त्यातून माझं हसणं आलं. लोक हसले. मी आजूबाजूला बघून घेतलं, कोणाला ओळखू येतंय का. मग ती किंकाळी आली. अख्खं सभागृह उभं राहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी पर्स खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

अंधारात पुतणी धावत आमच्या रांगेत आली. वायफाय माझ्या शेजारी होता आणि त्याच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. तिकडे न जाता ती माझ्यापाशी थांबली. "काका, सरक ना." मी एक खुर्ची सरकलो. ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण ती किंकाळी काही डोक्यातून जाईना. सोमवारी मधल्या सुट्टीत मी चित्रकलेचे कागद ठेवतात त्या खोलीत गेलो, दार आतून लावलं आणि सराव सुरू केला. सुरुवात जमतेय. शिट्टी थोडी कच्ची आहे. पुढच्या वर्षीही फिल्म आहेत म्हणे.